दवाखान्यातला काळा रेडा

लोखंडाला जीव नसतो, असं माणसं म्हणतात. म्हणोत बापडी. माझ्या पोटातला वारा कित्येकांच्या छातीत जाऊन आला आहे, तेव्हा जिवाबद्दल मलाही थोडंफार बोलता येतं. मी ऑक्सिजनचा सिलिंडर. आज माझ्यात वारा उरलेला नाही, नुसता आवाज आहे. तो आहे तोवर आपली हकीकत सांगून मोकळा होतो, म्हणजे माझ्या माथ्यावर आलेलं एक जुनं बालंट तरी उतरेल.

माझा जन्म सत्तर सालच्या आसपासचा, कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. लालबुंद पोलाद ओढून, ठोकून, गोल करून मला घडवलं. पोटात पाण्याचा दाब भरून मी फुटतो का ते पाहिलं, आणि फुटत नाही म्हटल्यावर खांद्यावर आकडे ठोकले. मग रंग दिला. सगळं अंग काळंकुळीत आणि खांदे तेवढे पांढरे. हा रंग कोणी ठरवला कोण जाणे! त्याच्या या हौसेपायी मला पुढे काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्याच्या गावीही नसेल.

नागपुरात माझ्यात ऑक्सिजन भरला. ट्रकमध्ये आम्ही भाऊ-भाऊ आडवे पडून खडखडत निघालो. शहापूर मागे पडलं, भंडारा आलं. तिथे बरेचसे भाऊ उतरले. मला मात्र पुढे तुमसर तालुक्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात धाडलं. कौलारू इमारत, पुढे ओसरी, ओसरीत लाकडी बाकं आणि अंगणात चिंचेचं झाड. झाडाखाली आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली. मला औषधांच्या खोलीत कोपऱ्यात उभं केलं आणि पडू नये म्हणून साखळीने बांधलं. जन्मठेपेच्या कैद्यासारखा मी तिथे राहू लागलो.

माझी देखभाल गुलाबरावांकडे होती. गुलाबराव दवाखान्याचे शिपाई, पन्नाशीला आलेले, मिशा पांढऱ्या, बोलणं तिखट आणि हात मऊ. माझं तोंड उघडायची चावी त्यांच्या कमरपट्ट्याला लटकायची. मला हलवायचं म्हणजे तिरपं करून, बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत न्यावं लागे. मी निघालो की फरशीवर असा गडगडाट व्हायचा, की ओसरीतली माणसं बोलता बोलता गप्प व्हायची.

ती गप्प का होतात, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं असं होतं की लोक आधी घरचे उपाय करायचे, मग देवाधर्माचे, मग गावच्या जाणत्याचे. सगळं करून हात टेकले की बैलगाडी जुंपून दवाखान्यात यायचे. तोपर्यंत माणसाचा श्वास नाकाशी आलेला असायचा. डॉक्टर म्हणायचे, ऑक्सिजन आणा. मी गडगडत जायचो, नळी लागायची, आणि बऱ्याचदा घटकाभरात रडारड सुरू व्हायची. उशीर त्यांचा, नाव माझं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच! सिहोऱ्यापासून नाकाडोंगरीपर्यंत बोलवा झाली की सरकारी दवाखान्यात एक काळा रेडा बांधून ठेवला आहे. तो ज्याच्या उशाशी येतो, त्याला घेऊनच जातो. रेडा कोणाचा, हे वेगळं सांगायला नकोच.

मग एक नवाच प्रकार सुरू झाला. माझा गडगडाट ऐकू आला की नातेवाईक आजाऱ्याला उचलून घराकडे पळायचे. जायचंच आहे तर घरी जाऊ दे, तोंडात घरचं पाणी पडू दे, अशी त्यांची समजूत. मी वाऱ्याने भरलेला, तिथल्या तिथे उभा, आणि ज्याला वारा हवा तो फाटकाबाहेर. मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते.

अठ्ठ्याहत्तर सालचा हिवाळा होता. धानाची कापणी होऊन चुरणं, म्हणजे मळणी, चाललं होतं, रस्त्यावर तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, गाड्या दिसायच्या. एका सकाळी सिहोऱ्याकडून एक बैलगाडी येऊन चिंचेखाली थांबली. जागेश्वर नावाचा तरणा शेतकरी, त्याची बायको मंदा, त्याची आई सत्यभामाबाई आणि आईच्या पदरात गुंडाळलेली एक चिमुरडी. नाव रुखमिणी. अजून मान नीट धरायलाही शिकली नव्हती.

मुलीला आधी नुसतं सर्दी-पडसं झालं होतं. तेच घरात जागेश्वरलाही झालं होतं. तो दोनदा शिंकला आणि कामाला लागला. पोरीच्या मात्र ते छातीत उतरलं. श्वास भराभर चालू झाला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, दूध ओढता ओढता ती सोडून द्यायची. गावात याला डब्बा म्हणतात. शेजारच्या बायका म्हणाल्या, बिब्ब्याचे डाग द्या. सत्यभामाबाईंनी त्यांना अंगणातूनच वाटेला लावलं आणि पोराला गाडी जुंपायला सांगितली. बाई करारी होत्या. गाव त्यांना वचकून असे, आणि त्या कोणाला वचकून असतील असं मला तरी वाटलं नाही. पण होत्या. त्या मला वचकून होत्या.

दवाखान्यात तेव्हा निखाडे डॉक्टरीणबाई होत्या. भंडाऱ्याच्याच, वयाने तरुण. त्यांनी कानातली नळी मुलीच्या छातीला लावून ऐकलं, नखं पाहिली. नखं निळसर झाली होती.

"गुलाबराव, ऑक्सिजन आणा," त्या म्हणाल्या.

साखळी सुटली. मी तिरपा झालो आणि गडगडत निघालो. खोलीच्या दारातून सत्यभामाबाईंनी मला पाहिलं मात्र, त्यांनी झडप घालून पोरीला उचललं, पदरात गुंडाळलं आणि तडक बाहेर पडल्या.

"जागेश्वर, जुंप गाडी!"

"माय, अवो माय, डॉक्टरीनबाई काय म्हनते ते त आयक!"

"मले नको सांगू. त्या रेड्याले मी वळखते. तुह्या बापाले त्यानंच नेलं."

तेव्हा मला ओळख पटली. दोन वर्षांमागे त्यांच्या धन्याला असंच गाडीतून आणलं होतं. तोही भराभर श्वास घेत होता, तोही निळा पडला होता. मी रात्रभर त्याच्या उशाशी होतो. माझ्याकडून होईल ते मी केलं, पण त्याच्या छातीत काही उरलंच नव्हतं. बाई त्याला घोटभर घरचं पाणी पाजू शकल्या नाहीत, ही सल त्यांच्या मनात राहून गेली होती. आता नातीच्या वेळी तरी ती चूक करायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे चूक टाळायला बाई त्याहून मोठ्या चुकीकडे निघाल्या होत्या.

डॉक्टरीणबाई गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बैलांनी माना हलवल्या, पण त्या हलल्या नाहीत.

"आजी, सिहोऱ्यापर्यंत ही पोरगी पोचणार नाही. वाटेतच जाईल. मी खोटं नाही सांगत."

मंदा गाडीच्या चाकाला धरून रडत होती. "माय, ठेवा ना जी तिले इथं. माह्या पाया पडते."

घाईत बिचारीला 'तुमच्या पाया' म्हणायचंही सुचलं नाही. सत्यभामाबाईंनी पोरीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. नाकपुड्या फुलत होत्या, डोकं प्रत्येक श्वासाला हलत होतं. बाई पाहत राहिल्या. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि गाडीतून उतरल्या.

"गुलाबराव," त्या म्हणाल्या, "हा रेडा खाली हात जात नाही, हे त खरं हाये ना?"

"काय बोलून राहिल्या बाई तुमी!"

"नाही, मले सांगू द्या. त्याले एक जीव पायजे ना? मंग मले लावा आधी नळी. मले नेऊ द्या त्याले. मंग पोट्टीले लावा. माहं आता काय राहिलं? नातीचं तोंड पाहून झालं."

कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई काही समजवायला गेल्या, पण बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. पोरीला मंदाच्या कुशीत दिलं. कमरेची किल्ली काढून तिच्या हाती ठेवली.

"आतल्या खोलीतली ढोली बियान्याची हाये. ते धान कांडू नको, पेरणीले लागन. लाल गाय गाभन हाये, तिले ढेप देत जाय. अन् पोट्टीले मारू नको कधी."

"माय!" जागेश्वर ओरडला.

"चूप. गडी मानूस हायेस."

ओसरीतल्या बाकावर त्या मांडी घालून बसल्या. पदर नीट केला, डोळे मिटले, हात जोडले. डॉक्टरीणबाई गुलाबरावांना म्हणाल्या, "लावा." समजवत बसण्यापेक्षा हेच लवकर होईल, हे त्यांनी ओळखलं.

गुलाबरावांनी चावी फिरवली. माझ्या तोंडाला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे आले. रबरी नळीचं टोक त्यांनी बाईंच्या नाकाशी धरलं.

माझ्या आयुष्यात मी इतका सांभाळून कधी वाहिलो नसेन. बाईंचे ओठ हलत होते, देवाचं नाव चाललं होतं. एक श्वास गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. बाईंनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. चिंचेचं झाड जागेवर होतं. बैल रवंथ करत होते. लेक रडवेल्या तोंडाने समोर उभा होता.

"काय व," त्या हळूच म्हणाल्या, "थंडं थंडं लागून राहिलं."

"वारा हाये बाई तो," गुलाबराव म्हणाले. "नुसता वारा. रेडा कुठला आला!"

"वाराच हाये?"

"वाराच. पोट्टीले तोच कमी पडून राहिला."

बाईंनी नळी नाकाशी घट्ट धरून एकदा खोल श्वास ओढला, खात्री केल्यासारखा. आणि ताडकन उठल्या.

"मंग मले काहून देऊन राहिले बाप्पा? तिले द्या ना लवकर! उभे काय राहिले सगळे?"

अशी गंमत. मरायला बसलेली बाई उठून सगळ्यांनाच रागावू लागली. मला मात्र त्या रागाचा इतका आनंद झाला की काय सांगू!

पोरीच्या नाकाशी नळी लागली. थोड्या वेळाने नखांचा निळेपणा कमी झाला, ओठांवर रंग आला. पण श्वास भराभरच चालू होता. मंदाने दूध पिळून चमच्याने थेंब थेंब पाजायला घेतलं. सत्यभामाबाई माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या, पाठ मात्र माझ्याकडे नाही केली. अजून पूर्ण विश्वास बसला नव्हता. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "सुई कवा देता?"

"आजी, याला सुई नाही. हिच्या छातीत एक जंतू शिरला आहे. इतका बारीक, की आमच्या काचेखालीही दिसत नाही. तुमच्या पोराला तोच झाला असेल, पण मोठ्या माणसाला त्याने नुसती सर्दी होते. हिच्या छातीतल्या नळ्या तणसाच्या काडीहून बारीक आहेत. तिथे तो शिरला."

"मंग मारा ना त्याले."

"मारायचं औषध माझ्यापाशी नाही. कोणापाशीच नाही. त्याला हिचं अंगच मारतं. अंगात राखणदार असतात, रक्तातून धावत जातात. पण ती सगळी धावाधाव त्या काडीएवढ्या नळ्यांमध्ये चालते. नळ्या सुजतात, चिकट पाणी सुटतं, वाट बुजते. अर्धा त्रास जंतूचा आणि अर्धा त्याला हाकलणाऱ्यांचा."

बाईंनी पोरीच्या छातीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे डुकरायवानी झालं हे."

"कोणती डुकरं?"

"रानडुकरं व. धानात शिरले का आमी काठ्या घेऊन धावतो, सारा गाव धावते. डुकरं खातेत पसाभर, अन् आमीच धान तुडवतो खंडीभर. सकाळी पाहाव त डुकरायपेक्षा आपलेच पाय जास्त दिसते."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग पुढच्या वेळी डुकरं हाकलायची नाहीत का?"

"न हाकलून कसं चालन? सारंच खाऊन टाकन ना."

"तेच चाललंय इथं. हिचं अंग हाकलतंय. ते हाकलून होईस्तोवर श्वास चालू ठेवायचा, एवढंच आपलं काम. उद्या-परवा जरा वाढेल. घाबरायचं नाही. मग उतरेल."

मी पुष्कळ डॉक्टर पाहिले. काहीजण कानाला लावायच्या नळीपेक्षा जास्त अंतर माणसाशी ठेवतात. या बाई फरशीवर बसून बोलल्या, म्हणून सत्यभामाबाईंनी ऐकलं असं मला वाटतं. सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी खरंच वाढलं. पोरीचं पोट भात्यासारखं चालू होतं आणि रडायलाही तिच्यात जोर नव्हता. मंदाच्या डोळ्याला डोळा नाही. सत्यभामाबाईंची नजर पोरीवरून माझ्यावर आणि माझ्यावरून पोरीवर. त्या नजरेत पुन्हा रेडा डोकावू लागला होता.

आणि दुष्काळात तेरावा महिना, माझ्यात किती वारा उरला ते दाखवणारा काटा उतरू लागला. मी आधीच अर्धा वापरलेला. दवाखान्यात दुसरा सिलिंडर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, जागेश्वर एसटीने भंडाऱ्याला गेला, पण ट्रक कधी मिळेल याचा नेम नव्हता. गुलाबराव तासातासाला येऊन काट्यावर बोट टकटक करायचे, जणू टकटक केल्याने तो वर सरकणार होता. मला माझीच भीती वाटू लागली. रेडा रेडा म्हणून लोकांनी चिडवलं ते मी सोसलं, पण या पोरीच्या उशाशी मी रिकामा झालो असतो, तर खरंच रेडा ठरलो असतो. पोटातला शेवटचा श्वास सांभाळून वापरायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"डुकरं गेले नसन का अजून?" बाईंनी विचारलं.

"जात आहेत आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मात्र कालचा ठामपणा नव्हता.

आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, ऊन ओसरीच्या पायरीशी आलं होतं तेव्हा, पोरगी रडली. साधी कुरकुर नव्हे, चांगला टाहो फोडला. अंगणात चुलीवर भाकरी थापणाऱ्या बायका वळून पाहू लागल्या. मंदा घाबरून उभी राहिली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, छातीला नळी लावली, ऐकत राहिल्या, आणि मग तिथेच खाटेवर टेकल्या.

"रडू द्या," त्या म्हणाल्या. "रडायला वारा लागतो. हिच्याकडे आता तो आहे."

मंदाने तिला छातीशी घेतलं. पोरगी प्यायली. दोन घोट घेऊन थांबली, धापली, पुन्हा प्यायली. सत्यभामाबाई तोंडाला पदर लावून इतकं रडल्या, की गुलाबरावांनी त्यांना पाणी आणून दिलं आणि त्यातलं अर्धं स्वतःच प्यायले.

संध्याकाळी भंडाऱ्याहून ट्रक आला. मागे नव्या सिलिंडरवर बसून, धुळीने माखलेला जागेश्वर उतरला. पोरीला पिताना त्याने पाहिलं. आणलेला सिलिंडर धरून खाली बसला आणि हमसून हमसून रडला. माझा तो नवा भाऊ काहीच न समजून उभा होता. त्याची गरज पडली नाही. गुलाबरावांनी माझी चावी बंद केली तेव्हा माझ्या पोटात थोडा वारा शिल्लक होता. मी मनाशी धरलं होतं की या पोरीसाठी पार रिकामा होईन, आणि तिने मला रिकामं होऊच दिलं नाही. कामातून इतकं सुख मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तसा खोकला तेवढा उरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोही जाईल. आणि पुन्हा हाच जंतू आला तर इतका गोंधळ व्हायचा नाही. राखणदारांना त्याची ओळख राहते."

"डुकरं कोन्या बांधावरून येते ते समजलं म्हना ना," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"तसंच. आणि आजी, ही जन्मली तेव्हा पहिलं पिवळं दूध पाजलं होतं का?"

"तो चीक? तो कोनी पाजते का? पिळून फेकून देला."

"आणि गाईचा चीक?"

"त्याचा खरवस करतो. गूळ टाकून. मस्त लागते."

"आजी, त्या पिवळ्या दुधात आईच्या अंगचे तयार राखणदार असतात. वासरालाही तेच लागतात आणि लेकरालाही. तुम्ही गाईचा चीक खाल्ला आणि पोरीचा फेकला."

मी खूप वर्षं माणसांमध्ये काढली, पण त्यांचा हा हिशेब मला कधी कळला नाही. गोठ्यातलं त्यांना अमृत वाटतं आणि घरातलं टाकाऊ.

निघायच्या दिवशी बाई औषधांच्या खोलीत आल्या. हातात कुंकवाची डबी आणि तेलाची वाटी. माझ्या पांढऱ्या खांद्यावर कुंकू लावलं आणि तेल ओतायला वाटी वर केली, तोच गुलाबराव ओरडत आले.

"तेल नका लावू बाई! याच्या तोंडाले तेल लागलं का भडका उडते!"

"मारुतीले चालते, अन् याले काहून नाही?"

"मारुतीच्या पोटात ऑक्सिजन नसते जी!"

बाईंनी वाटी मागे घेतली. पण जाता जाता माझ्या अंगावरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. म्हणाल्या, "रेडा त तू हायेसच. पन यमाचा नाही, माहा."

त्या एका वाक्याने माझं नशीब पालटलं. पुढच्या पोळ्याला बाई आंब्याच्या पानांचं तोरण घेऊन हजर! राबणाऱ्याची पूजा करायचा दिवस आहे, मग याने काय कमी राबलं, असं त्यांचं म्हणणं. बाजारात, लग्नात, विहिरीवर, जिथे चार बायका भेटतील तिथे त्या माझी कथा सांगायच्या. आपण कशा मरायला बसलो होतो, हे सांगताना स्वतःच सगळ्यात जास्त हसायच्या. हळूहळू लोक मला सत्यभामाबाईचा रेडा म्हणू लागले. माझा गडगडाट ऐकून गाडी जुंपणारे कमी झाले. आणि डब्बा झालेली लेकरं निळी पडायच्या आधी येऊ लागली, हा खरा फायदा. सगळीच वाचली असं नाही म्हणणार मी. पण वाचली ती पुष्कळ वाचली.

मंदाचं दुसरं बाळंतपण त्याच दवाखान्यात झालं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी सवयीने म्हणाली, पहिलं दूध पिळून टाका. सत्यभामाबाई तिच्यावर अशा काही तुटून पडल्या, की ते मला भिंतीपलीकडे ऐकू आलं.

मग माझंही वय झालं. दर काही वर्षांनी आम्हाला नागपूरला नेऊन पोटात पाण्याचा दाब भरून तपासतात. एका तपासणीत मी नापास झालो. माझी भिंत झिजली होती. चावी काढली, तोंड काढलं आणि मी भंगारात गेलो. तिथून या ट्रकमध्ये, त्या ट्रकमध्ये करत तुमसरच्या एका भंगारवाल्याकडे पोचलो. उन्हात पडलो होतो, अंगात कोळ्यांनी जाळी केली होती. वाटलं, संपलं सगळं. एके दिवशी सिहोऱ्याकडचे एक गुरुजी आले. शाळेची घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा कोणीतरी पळवला होता. त्यांनी मला वाजवून पाहिलं, माझं बूड कापून घेतलं, आणि शाळेच्या कडुनिंबाला मला मानेने टांगलं. हातोडी पडली की असा आवाज निघतो म्हणता! तळ्यापलीकडच्या बांधावर निंदणाऱ्या बायकाही मान वर करतात.

घंटा वाजवायचं काम आळीपाळीने मुलांकडे असतं. एक दोन वेण्यांची मुलगी होती, ती अंगण ओलांडून धावत यायची, मारायची, आणि तशीच धावत जायची. गावच्या कितीतरी मुलींसारखी एक, असं मला वाटायचं. पंधरा ऑगस्टला झेंडा लागला, लाडू वाटले, गावची माणसं आली. त्यांत काठी टेकत एक म्हातारी आली. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून ती कडुनिंबाखाली थबकली आणि माझ्या पांढऱ्या खांद्यांकडे पाहत राहिली.

"अवो माय," ती म्हणाली, "हा रेडा इथं कवा आला?"

आवाज मी तेव्हाच ओळखला. पोरं हसली. मुलगी म्हणाली, "आजी, घंटा हाये ना ते. रेडा काहून म्हनतेस?"

मग सत्यभामाबाईंनी झाडाच्या पारावर बसून सगळं सांगितलं. बैलगाडी, निळी नखं, बाटलीतले बुडबुडे, ढोलीची किल्ली, रानडुकरं. आपण मरायला बसलो होतो तिथे पोरं पुन्हा हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणजे रुखमिणी हसली नाही. ती माझ्याजवळ आली, माझ्या कापलेल्या बुडातून आत वाकून पाहिलं आणि हातातली हातोडी पाठीमागे लपवली.

"आजी, मंग आता याले मी मारू कशी?"

"मार व," म्हातारी म्हणाली. "जोरानं मार. त्याले समजू दे, तुह्या अंगात किती दम हाये तो."

तिने मारलं. कान बसतील असं मारलं. मी थरथरलो, वाजलो, आणि थांबायचं नावच घेईना. पोरगी एकदाही न धापता अंगण ओलांडून धावत गेली. तिला आता माझा वारा नको होता, आणि तो माझ्याकडे नव्हता. हिशेब चोख झाला.

एवढंच माझं सांगणं. माझे भाऊ अजून कितीतरी दवाखान्यांच्या कोपऱ्यात साखळीला बांधलेले उभे आहेत. त्यांचा गडगडाट ऐकून लेकराला उचलून पळू नका. लेकराचं अंग आपली लढाई स्वतःच लढतं, आम्ही फक्त तोवर वारा पुरवतो. आणि भीती वाटलीच, तर आधी स्वतःच्या नाकाला नळी लावून पाहा. थंडं थंडं लागतं म्हणतात.

आता पुरे करतो. शाळा सुटायची वेळ झाली आहे, आणि आज पाळी रुखमिणीची आहे. ती पाहा, आलीच धावत.